पऱ्हाटीची काडी अन् विमानाचं बटन

हुडकेश्वरपासून नरखेडपर्यंत जळलेली अशी एक मोटर नाही, जिले माहा हात लागला नाही. आता त्यातल्या अर्ध्या माहा हात लागल्यावरच जळल्या, ही गोष्ट वेगळी.

सातवीत दोनदा बसलो अन् दोनदा तिथंच राह्यलो. मंग बापानं महाल भागातल्या एका मोटर-वाइंडिंगच्या दुकानात नेऊन सोडलं. तिथल्या उस्तादाची सारी विद्या एका शब्दात मावत होती : डायरेक्ट. फ्यूज उडला? कारण शोधत बसू नको, जाडा तार टाक, डायरेक्ट कर. स्विच गेला? दोन वायरी पिळ, डायरेक्ट कर. गिऱ्हाइकाले उजेड पाहिजे, प्रवचन नाही. चार वर्षांत मी येवढं शिकलो का उस्ताद म्हणे, "बाबू, आता तू आपलं दुकान टाक. माह्यापासून लांब टाक." म्हणून हुडकेश्वरले टाकलं.

या धंद्याची एक गोष्ट सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्या इकडं वावरातल्या विहिरीवर मोटर असते, मोटरीले स्टार्टर असते, अन् स्टार्टरच्या बटनात पऱ्हाटीची काडी असते. कंपनी काडी देत नाही, ती आपण लावतो. मोटर गरम झाली का स्टार्टर आपल्या मनानं बटन बाहेर फेकते अन् मोटर बंद पाडते. मोटर वाचावी म्हणून केलं आहे ते. आम्ही म्हणतो, मोटर आमची, विहीर आमची, तू कोण बंद करणारा? कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची एक वाळलेली काडी तोडायची, बटन आत दाबायचं, अन् काडी अशी फसवायची का बटनाच्या बापालेही बाहेर येता येणार नाही. पाणी चालू. महिना दोन महिन्यात मोटर जळते अन् माह्या दुकानात येते. माहं घर त्या काडीवर उभं आहे म्हणा ना.

माह्या बहिणीचं घर नरखेड तालुक्यात, संत्र्याची बाग. भाऊजीच्या विहिरीवर पहिली काडी मी माह्या हातानं बसवली. बहिणीची पोरगी तवा सात-आठ वर्षांची असन. बाजूले उभी राहून पाहून राहिली होती. मले म्हणे, "मामा, ते बटन बाहेर येऊन काय सांगते?"

मी म्हणलं, "ते म्हणते मले काडी दे."

पण ज्या नजरेनं तिनं मले पाह्यलं ना, ती नजर मले पुढं दोन हजार फुटावर पुन्हा दिसली.

तर ही पोरगी विमान शिकली. अकरावी-बारावीले आमच्याच घरी राह्यली. तिच्या अभ्यासाचा टेबल-लॅम्प मी दुरुस्त करून देल्ला, अन् त्या दिवसापासून ती खिडकीजवळ बसून दिवसाच्या उजेडात अभ्यास करू लागली. तरी पास झाली. मंग विमान शिकवायच्या जागी गेली, परीक्षा देल्ल्या, अन् एक दिवस घरी येऊन म्हणे, "मामा, आता मले सोबत माणूस बसवून उडता येते. परवाना भेटला."

पहिला मान आईबापाचा. भाऊजी म्हणे, "मी शिडीवर चढलो तर खाली संत्रं पडते, अन् संत्र्याच्या मांगं मी. मले नको." बहीण म्हणे, "एकीले वर जाऊ दे, एकीनं खाली देव पाण्यात ठेवून बसलं पाहिजे." राह्यला कोण? मामा. लग्नात पोरीच्या मांगं मामा उभा राहते, मंग विमानात बाजूले बसाले काय हरकत आहे?

आता साधं सांगाचं ना का भाचीनं फिरवाले बोलावलं. पण माही जीभही माह्या वायरिंगसारखीच, कुठून कुठं जाईन सांगता येत नाही. चहाच्या टपरीवर मी म्हणलं, "विमानाच्या वायरिंगमध्ये थोडा डाउट आहे त्यायले. पाहाले बोलावलं मले." टपरीवाल्यानं दुधाचं गंज खाली ठेवलं. "तुमाले?" म्हणे. मी म्हणलं, "हाव. मोठी मोटरच ती, फक्त वर जाते." दोन दिवसांत आमच्या लेआउटमध्ये घरोघरी झालं का इलेक्ट्रिकवाले काका विमान दुरुस्त कराले चालले. बायको म्हणे, "घरचा मिक्सर सहा महिन्यापासून पोत्यात बांधून आहे, त्याचं काय?" मी तिच्याकडं असं पाह्यलं, जसं मोठा माणूस पाह्यते.

धावपट्टी कोणती ते सांगत नाही. तिथल्या लोकाईनं मले तसं बजावलं आहे.

हिवाळ्याची सकाळ होती. फाटकापाशी भाची मले बाजूले घेऊन म्हणे, "मामा, एक ऐका. आज सर खालून पाहून राहिले. पुढच्या मोठ्या लायसनच्या कागदावर त्यायची सही पाहिजे. आजची फेरी पाहून सही करायची का नाही ते ठरवणार आहेत. आज काही गडबड नको."

"माह्याकडून?" मी म्हणलं. "गडबड?"

तिनं माह्या फुगलेल्या खिशाकडं पाह्यलं.

सर म्हणजे तिले शिकवणारे. पांढऱ्या मिशा, कडक इस्तरी, अन् शब्द असे मोजून काढत का जसा माहा उस्ताद तांब्याचा तार काढे. त्यायनं पहिले मले काट्यावर उभं केलं. मले वाटलं पोत्याबित्याचा काटा असन. पण लहान विमानात माणूस मोजूनच बसवावा लागते, किती वजन आहे त्यावर ते उचलते. मी श्वास आत ओढून उभा राह्यलो. काट्यानं ऐकलं नाही. ब्याऐंशी.

"खिशात काय आहे?" सर म्हणाले.

निघालं ते असं : एक टेस्टर, एक पकड, काळी टेप, अन् तंबाखूची डबी. सरांनी सारं एका ट्रेमध्ये ठेवलं. मी म्हणलं, "सर, टेस्टर राहू द्या. वर काही झालं तर..."

"वर काही झालं तर ती आहे," सर म्हणाले, अन् कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून पाह्यलं. 'प्रवासी : एक. वजन : ८२.' बस. मी म्हणलं, "यात धंदा लिहा ना. इलेक्ट्रिशियन."

"या कागदात फक्त वजन लागतं," सर म्हणाले.

विमान म्हणजे, खोटं नाही सांगत, आमच्या इकडच्या काळीपिवळी जीपपेक्षा लहान. दोन सीटा समोर, मांगं बॅगा ठेवाची जागा. एका सीटवर ती, दुसरीवर मी. माह्या गुडघ्यासमोर छोट्या छोट्या काळ्या बटनाईची रांग होती, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा. मी म्हणलं, "हे काय वं?"

"फ्यूज समजा. जास्त करंट गेला का बटन बाहेर येते." मंग तिनं तीन बोटं दाखवली. "मामा, तीनच गोष्टी. पट्टा सोडायचा नाही. दरवाजा उघडायचा नाही. अन् कशालेच हात लावायचा नाही."

"कशालेच?"

"कशालेच."

मी हात मांडीखाली घेऊन बसलो. पाच मिनिटं.

विमान वर गेलं तवा माहं पोट धावपट्टीवरच राह्यलं होतं, ते मांगून येऊन पोहोचलं. पण मंग खाली पाह्यलं अन् चूप झालो. मी कधी चूप होत नाही, बायकोले विचारा. संत्र्याच्या बागा अशा दिसत होत्या का कोणी चादरीवर हिरवी बटनं टाचली आहेत. मधात पऱ्हाटीचे पांढरे पट्टे. एसटी अशी जाऊन राहिली होती का चिमटीत उचलून घ्यावी. कानावर हेडफोन होता, त्यात भाचीचा आवाज येई, शांत, रेडिओवरच्या बाईसारखा. मी म्हणलं, "पोरी, तू खरंच चालवून राहिली ना हे?" ती हसली.

भाऊजीची बाग आली. तिनं विमान थोडं तिरपं केलं. खाली विहिरीजवळ एक मुंगीयेवढा माणूस लाल दुपट्टा हलवून राहिला होता. मी इकडून हात हलवला. जसं काही त्यायले माहा चेहरा दिसणार होता.

तवाच टक् झालं.

येवढासा आवाज. इंजिनाच्या गोंगाटात कोणाले ऐकू आला नसता. पण मले त्या आवाजाची तीस वर्षांची ओळख. माह्या गुडघ्यासमोरचं एक बटन बाहेर आलं होतं. वर एक लाल दिवा लागला, अन् एका तबकडीतली सुई डाव्या बाजूले पडली.

भाचीनं पाह्यलं. घाबरली नाही. म्हणे, "चार्जिंग बंद झालं. काही नाही, बॅटरी भरलेली आहे. अर्धा तास आरामात चालते, अन् आपण वीस मिनिटांत खाली." तिनं एक जाड कागद काढला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला, अन् बोट ठेवून ठेवून वाचू लागली. मले नवल वाटलं. मी आयुष्यात कोणत्या मशीनचा कागद वाचला नाही, कागद निघाला का मी त्याच्यावर जेवतो.

वाचून झाल्यावर ती थोडी थांबली, माह्याकडं झुकली अन् ते बटन एकदा आत दाबलं. सुई वर आली. एक मिनिट गेलं. टक्. पुन्हा बाहेर.

"संपलं," ती म्हणे. "एकदाच पाहायचं असते. आता याले हात लावायचा नाही. परत चाललो आपण." अन् विमान वळवाले लागली, सोबत रेडिओवर खालच्या लोकाईले सांगाले लागली.

आता इथं मी काय केलं ते सांगतो. घरी मी हे चार वेगवेगळ्या प्रकारे सांगतलं आहे, खरा प्रकार हा आहे.

मी त्या बटनाकडं पाहून राहिलो होतो. ते बाहेर येऊन मले पाहून राहिलं होतं. टपरीवरचे सारे चेहरे माह्या डोळ्यासमोर आले. विमानात बिघाड झाला अन् इलेक्ट्रिशियन मांडीखाली हात घेऊन बसला, हे मी त्यायले कोणत्या तोंडानं सांगू? अन् माहा अंगठा, त्याले कोणी विचारलं नाही, तो आपला गेला. दाबलं. बाहेर आलं. पुन्हा दाबलं अन् दाबूनच धरलं. पऱ्हाटीची काडी नव्हती ना जवळ. अंगठाच काडी.

सुई वर आली! मी तोंड उघडलं, "पाह्य, याले म्हणते..."

पुढचा शब्द वासानं गिळला. जळक्या वार्निशचा वास, मोटर जळताना येते तो. बायकोच्या अत्तराचा वास मी विसरीन, पण हा नाही. बटनाखालून उदबत्तीसारखी एक पांढरी रेघ निघाली.

"मामा, हात काढ!"

जन्मात पहिल्यांदा त्या पोरीनं मले अरे-तुरे केलं. तोच कडक कागद फाटकन माह्या मनगटावर बसला. अन् तिनं समोरचा एक लाल स्विच खाली पाडला. साऱ्या विमानाची लाइन बंद. दिवे गेले. रेडिओ गेला. सुया पडल्या. हेडफोनमधला तिचा आवाज असा गेला जसं कोणी दरवाजा लावला.

मी डोळे मिटले. माह्या हिशोबानं आता इंजिन बंद होणार होतं. लाइन गेली का मोटर बंद, येवढं तर मले येते. मी मारुतीचं नाव घेतलं, म्हणलं या लाइनची माहिती त्यालेच असन. एक सेकंद गेला. दोन गेले. इंजिन आपलं घरघर करून राहिलं. मी एक डोळा उघडला. समोरचा पंखा फिरून राहिला होता.

मी हेडफोन काढून बोंबललो, "इंजिन चालू कसं वं?"

ती बोंबलली, "मॅग्नेटो! त्याले बॅटरी लागत नाही!"

अन् मले लाज कशी असते ते समजलं. मॅग्नेटो! जुन्या मोपेडचे शेकडो मॅग्नेटो मी उघडले, रॉकेलनं धुतले, पुन्हा बसवले. बिना बॅटरीची गाडी ढकलून चालू होते ती त्याच्याच भरोशावर, फिरला का आपली ठिणगी तो आपणच पाडते, हे मी गिऱ्हाइकाईले सांगत आलो. अन् वर येऊन मले मारुती आठवला, मॅग्नेटो आठवला नाही.

धुराची रेघ पातळ झाली, मंग दिसेनाशी झाली. तिनं तिच्या बाजूची खिडकी थोडी उघडली. गार वारा आत आला. ती गुडघ्यावरचा नकाशा पाहू लागली, खाली रस्ता पाहू लागली, घड्याळ पाहू लागली. मंग माह्याकडं पाह्यलं. तीच नजर. सात-आठ वर्षांची पोरगी विहिरीवर उभी.

पण ओरडली नाही. मांगच्या बॅगेतून मले तिचा फोन काढाले लावला, बोट लावून उघडून देल्ला, अन् माह्या कानाशी तोंड आणून म्हणे, "सरले मेसेज टाका. मी सांगते तसंच. रेडिओ बंद. धूर थांबला. येऊन राहिलो. फळ्या पडणार नाहीत."

फळ्या म्हणजे पंखाच्या मांगं असतात त्या. उतरताना त्या खाली पाडल्या का विमान हळू होते. त्याही बिजलीवरच. म्हणजे आता विमान जोरात उतरवावं लागणार होतं, अन् ते माह्यामुळं.

मी लिहाले बसलो. ज्या अंगठ्यानं हे सारं केलं त्याच अंगठ्यानं. सातवीचा माणूस मी. एक एक अक्षर असं शोधलं जसं भुशात सुई. नेटवर्कची एक कांडी येई अन् जाई. चार ओळी लिहाले दहा मिनिटं लागली. मंग मी खाली पाह्यलं, जमीन पाह्यली, अन् माह्या मनानं आणखी एक ओळ घातली : 'बटन मी दाबून धरलं. पोरीनं नको म्हणलं होतं. चूक माही.'

लोक म्हणतात, किती इमानदार माणूस. इमानदारी कायची? मले वाटलं आपण मरणार. वर गेल्यावर कोणी विचारलं तर लेखी पुरावा असावा, येवढाच विचार होता. पाठवलं.

धावपट्टी दिसली. तिनं एक मोठा फेरा घेतला, गल्लीत गाडी घालण्याआधी दोन्हीकडं पाह्यते तसा. टॉवरवरून एक हिरवा झोत आमच्याकडं लागला. "उतरा म्हणून राहिले," ती बोंबलली. मंग तिनं ओठ आवळले, अन् मी तिच्या हाताकडं पाह्यलं. माहे दोन्ही हात सीटची कड आवळून बसले होते. तिचे दोन बोटांनी लोणी काढावं तसे हलत होते. जमीन जोरात आली. पट्टी अर्धी गेली तरी चाकं टेकली नाहीत. मी पाय पुढं दाबून ब्रेक मारून राहिलो होतो. माह्या बाजूचं पेडल खरं आहे हे मले मंग समजलं, नशीब का मी फक्त खालचा पत्रा दाबत होतो. चाकं टेकली, एकदा उचलली, पुन्हा टेकली. पट्टी संपाले थोडी बाकी असताना विमान थांबलं.

तिनं इंजिन बंद केलं. शांत झालं. दूर कुठंतरी टिटवी ओरडून राहिली होती.

आता सांगतो माही इमानदारी. पाय जमिनीवर टेकले अन् पहिली गोष्ट मी काय केली? हातातला तिचा फोन अजून उघडाच होता, तो मेसेज मिटवाले गेलो. जिवंत माणसाले लेखी पुरावा कायले पाहिजे? पण त्याच्या बाजूले दोन निळ्या खुणा लागल्या होत्या. सरांनी वाचला होता.

सर चालत आले. पळत नाही, चालत. पहिले खाली वाकून बटनामांगच्या वायरी पाह्यल्या. काळ्या पडल्या होत्या. मंग भाचीले म्हणाले, "सांग."

ती सरळ उभी राह्यली. "सर, पॅसेंजर माझी जबाबदारी. फ्यूजसमोर मी बसवलं. चूक माझी."

एक शब्द नाही का मामानं केलं. माह्या तीस वर्षांच्या बढाया एका बाजूले अन् तिची सही दुसऱ्या बाजूले. मी मधात पडलो. "सर, मी दाबलं. तिनं कागद वाचून सांगतलं होतं, तरी दाबलं. दहा सेकंद. जास्त असन. काडी नव्हती म्हणून अंगठ्यानं."

"काडी?" सर म्हणाले.

मंग मले पऱ्हाटीची काडी समजावून सांगावी लागली. पांढऱ्या मिशांच्या माणसाले, विमानाच्या पंखाखाली उभं राहून. हातवारे करून. सरांनी सारं ऐकलं. मिशीचा एक केस हलला नाही.

मंग ते भाचीकडं वळले. "बटन दुसऱ्यांदा बाहेर आलं. काय ठरवलंस?"

"परत यायचं."

"धूर आला?"

"सगळं बंद केलं."

"मग?"

ती थोडी अडखळली, माह्याकडं पाह्यलं. "मग मामाले मेसेज लिहाले देल्ला, सर."

"गरज होती?"

"तुम्हाले रेडिओ गेल्याचं समजलंच असन, हे माहीत होतं. पण त्यायचे हात कशात तरी गुंतवणं गरजेचं होतं."

दहा मिनिटं मी जे अक्षर अक्षर कोरलं, जीव मुठीत धरून, ते म्हणजे रडणाऱ्या लेकराच्या हाती देल्लेला खुळखुळा होता.

सर पहिल्यांदा हसले. विमान पंधरा-वीस दिवस दुरुस्तीले बसन म्हणाले, साऱ्याचा सविस्तर रिपोर्ट लिहून दे म्हणाले, बाजूले कोणाले बसवायचं ते आधी पाह्यचं म्हणून तिले चांगलं झापलं. अन् मंग ऑफिसात नेऊन तिच्या कागदावर सही केली. मले ट्रेमधून टेस्टर, पकड, टेप अन् तंबाखूची डबी परत देल्ली, एक एक मोजून.

टपरीवर मी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो अन् म्हणलं, "वायरिंग खराबच होती. मीच दाखवून देल्लं." तसं पाह्यलं तर खोटं नाही.

पण बदललो मी, हेही सांगतो. त्या दिवसापासून जाडा तार बंद, डायरेक्ट बंद. फ्यूज कोणत्या नंबरचा पाहिजे ते पाहून टाकतो. गिऱ्हाइकाले पहिले विचारतो, बटन बाहेर काहून आलं? गिऱ्हाइक म्हणते, "मले काय माहीत, तुमी कोण्या कामाचे?" अन् चौकातल्या दुसऱ्या दुकानात जाते. तिथं डायरेक्ट करून भेटते.

महिन्यानं बहिणीनं वावरात रोडग्याचा कार्यक्रम ठेवला, पोरीच्या सहीसाठी. गोवऱ्याच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी, संत्र्याच्या झाडाखाली पंगत. गावचे पंधरा-वीस लोक. मले कोणीतरी विचारलं, "मामा, वर काय झालं होतं गा?" मले येवढंच पाहिजे होतं. मी सुरू झालो. पहिल्या रोडग्यापर्यंत धूर साऱ्या विमानात भरला. दुसऱ्या रोडग्यापर्यंत मी पोरीले मॅग्नेटो समजावून सांगतलं. तिसऱ्यापर्यंत दिशा मी दाखवून राहिलो होतो. पोरगी समोर बसून संत्रं सोलत होती, शिरा काढून काढून.

तेवढ्यात माही नजर विहिरीवर गेली. स्टार्टरच्या बटनात काडी! तीच, माह्या हातची शिकवण. मी पंगतीतून उठलो, गेलो, साऱ्याईसमोर काडी उपटून फेकली. टक्. मोटर बंद. पाटातलं पाणी झाडाच्या आळ्यात जाता जाता थांबलं.

"काहून काढली गा काडी?" भाऊजी म्हणे.

मी कमरेवर हात ठेवले. "भाऊजी, बटन बाहेर येते ते काहीतरी सांगाले येते. याले अशी काडी ठोकणं म्हणजे मोटरीचा गळा दाबणं. मी दोन हजार फुटावर शिकून आलो. विमान खाली आणलं ते असंच नाही आणलं."

भाऊजीनं हातातला रोडगा खाली ठेवला. पोरीकडं पाह्यलं. पोरगी संत्र्यातून मान वर न काढता हसली, म्हणजे घरी तिनं सारं सांगून ठेवलं होतं, काट्यापासून कागदापर्यंत.

"साळेबुवा," भाऊजी म्हणे, "विमान पोरीनं आणलं. तुमी त्याच्यात ब्याऐंशी किलो वजन होते. या, बसा, जेवा."